शंकांचा तास

३ सप्टेंबर, रविवार

वही नवी आहे. शाई थोडी फुटते. दुकानदाराने एक नंबर कागद म्हणून गळ्यात मारली. एक नंबर कागद कसा असतो ते मला माहीत आहे, हा तो नव्हे. पण आणलीच आहे तर लिहितो. आज ज्या कामाला हात घातला त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी, आणि माझ्याखेरीज ती ठेवणार कोण?

दुकानाच्या वरची खोली रिकामी केली. तिथे इतकी वर्षं विजेच्या जळक्या मोटारींचे सांगाडे पडून होते. माझा धंदा मोटारी भरण्याचा: जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढा मोजून भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत वाळवायची. हे मला कोणी शिकवलं नाही. जुन्या मोटारी उकलून उकलून आणि रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो. गावातल्या पंपापासून हॉस्पिटलच्या लिफ्टपर्यंत माझ्या हातची मोटार परत आलेली नाही.

फळा भिंतीला लावला, लेव्हल धरून. बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, फळा जरा तिरका असला तरी पोरांना कळेल." तिरक्या फळ्यावर सरळ कसं लिहायचं, हे तिला विचारायला हवं होतं.

यंदा कॉलेजात नाव घातलेली चौघं आली. चौघांच्याही घरात कॉलेजची पायरी चढलेलं आजवर कोणी नाही. टँकर चालवणाऱ्याचा मुलगा दारातून वाकूनच आत आला. त्याला बाकीचे लांब्या म्हणतात. हॉस्पिटलात आयाचं काम करणारी एक बाई आहे, तिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, स्वतःच प्रवेश घेऊन बसली आहे, ती थोरली. बेकरीवाल्याचा मुलगा, त्याला पाव म्हणतात, आणि तो तसाच आहे, दाबला की दबतो. चौथी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी. वाचताना ओठांत सारखी गुणगुण करते, म्हणून तिचं नाव भुंगा. डोक्याने चौघांत तीच पुढे. खालून मोटारीचा आवाज आला तर म्हणाली, "सर, ही घासतेय का?" घासतच होती.

मला सर म्हणतात. मी हरकत घेतली नाही.

मी त्यांना सांगितलं की दर रविवारी इथे बसायचं, आणि कॉलेजात कसं वागायचं, कसं बोलायचं ते मी शिकवीन. कॉलेजचा एक नियम त्यांनीच मला सांगितला. एका विषयात दोनदा नापास झालं की नाव कमी करतात. पाव म्हणाला, "म्हणजे दोनदाच मरता येतं." सगळे हसले. नियम चांगला आहे. ढिलाई नको.

८ ऑक्टोबर, रविवार

लांब्याने आज एक प्रश्न काढला.

"सर, गणिताच्या बाईंच्या दारावर पाटी आहे. दर शुक्रवारी दुपारी शंकांचा तास. जाऊ का?"

"तुला शंका आहेत?"

"पोतंभर."

पोरं हसली, मी नाही. मी त्यांना माझ्या उमेदवारीची गोष्ट सांगितली. मोठ्या वर्कशॉपात आम्ही एका वेळी बरेच जण लागलो होतो. ज्याने ज्याने मेस्त्रीला काही विचारलं, त्याच्या हाती झाडू आला. मेस्त्री म्हणायचा, याला येत नाही, याला झाडायला लावा. मी तोंड मिटून बघत राहिलो, म्हणून माझ्या हाती तार आली. दार उघडं ठेवून बसणारा माणूस कोण आत येतं ते बघायला बसलेला असतो. तुम्ही कुठून आलात हे त्यांना अजून ठाऊक नाही. शंका विचारलीत की कळलं.

थोरली म्हणाली, "पण पाटीवर 'कोणीही यावे' असं लिहिलंय, सर."

"माझ्या दुकानाच्या पाटीवर 'तत्काळ दुरुस्ती' असं लिहिलंय," मी म्हटलं.

यावर मात्र सगळे पोट धरून हसले. भुंगाने माझं बोलणं लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घेते.

१४ डिसेंबर, गुरुवार

निकाल. तिघं पास झाली, लांब्या तर चांगल्या मार्कांनी. भुंगा गणितात नापास.

मला दोन्ही वेळचं जेवण गेलं नाही. पाव नापास झाला असता तर समजू शकलो असतो.

संध्याकाळी तिची आई दुकानात आली. हात कोपरापर्यंत वाफेने लाल झालेले. बसायला स्टूल दिलं, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, हवं तर मारा तिला. पण शिकवा. माझ्यासारखी टेबलापाशी उभी राहायला नको."

मी म्हटलं, "बाई, मारायचं काय काम? एप्रिलमध्ये सगळ्यांचीच परत परीक्षा आहे. मी स्वतः लक्ष घालतो."

"तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "गणित येतं का तुम्हाला त्यांच्या कॉलेजातलं?"

"पुस्तक वाचता येतं."

"मला तर पाककृतीचं पुस्तकही वाचता येतं," ती म्हणाली. हिला कुठे काय बोलावं याचा पोच नाही.

९ जानेवारी, मंगळवार

भुंगा धावत आली. गणिताच्या बाईंनी शिपायाकडून निरोप पाठवला आहे: शुक्रवारी येऊन भेट. एवढंच. कशासाठी, ते नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, नाव कमी करायला बोलावलं असेल?"

मलाही तेच वाटलं, पण दाखवलं नाही. एकदा नापास झालेल्याला बोलावतात ते पाणी जोखायला. कच्चा दिसला की एप्रिलची वाट कशाला बघतील? तेव्हा कच्चं दिसायचं नाही. आज आणि उद्या तयारी. दारात थांबायचं, आत या म्हटल्याशिवाय जायचं नाही. बस म्हटलं तरच बसायचं. हात पदराशी किंवा ओढणीशी खेळता कामा नयेत. आणि बोलायचं ते मी तयार करून दिलं: परीक्षेच्या दिवसांत प्रकृती ठीक नव्हती, विषय मला समजतो, एप्रिलमध्ये दिसेलच.

"पण प्रकृती ठीक होती, सर."

"त्यांनी तुझी नाडी धरली होती?"

थोरलीला बाई करून समोर बसवलं आणि पाठ करून घेतलं. थोरली मध्येच म्हणाली, "काय गं, काही अडतंय का?" आणि भुंगा गप्प. मी म्हटलं, इथेच पकडतात. पुन्हा. पाचव्या वेळी खणखणीत आलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

जिंकलो.

भुंगा परस्पर दुकानात आली. मी सगळं शब्दन् शब्द विचारून घेतलं. बाईंनी बस म्हटलं, मग बसली. त्यांनी तिचा पेपर समोर काढून ठेवला होता. म्हणाल्या, पहिला अर्धा भाग चांगला आहे, पुढे संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, आलं आणि तू हरवलीस. कुठे अडतं ते सांगशील? आपण दर शुक्रवारी थोडा वेळ बसू.

"मग?"

"मी म्हटलं, विषय समजतो, बाई. प्रकृती ठीक नव्हती."

"हात?"

"मांडीवर. हलवले नाहीत."

"त्या काय म्हणाल्या?"

"चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, नक्की का? मी म्हटलं, नक्की. मग म्हणाल्या, बरं, वाटलं तर ये. आणि पेपर परत ठेवून दिला."

शाबास म्हटलं. पाठीवर थाप मारली. पेपर समोर ठेवून माणसाला बोलतं करायचं, ही जुनी युक्ती आहे. पोर फसली नाही. चहा मागवला. भुंगाने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही. गार झाल्यावर विचारलं, "सर, त्या पेपरात त्यांनी कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. काय असेल?"

"चुका," मी म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

भुंगाला आता रोज संध्याकाळी शिकवतो. रविवारी बाकीचे असतात, पण लक्ष तिच्यावर. पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. पाया पक्का असेल तर इमारत आपोआप उभी राहते.

ही वही माझीच आहे, म्हणून लिहितो. संकलन मला येत नाही. पहाटे उठून बसतो. सोडवलेली उदाहरणं वाचतो, प्रत्येक ओळ समजल्यासारखी वाटते आणि पुस्तक मिटलं की काही उरत नाही. मोटारीत असं होत नाही. तार कुठून शिरली आणि कुठून निघाली ते डोळ्यांना दिसतं. इथे तार दिसतच नाही. वर्षानुवर्षं मी लोकांना सांगत आलो की पुस्तकात असलेली कुठलीही गोष्ट माणूस एकटा शिकू शकतो. आता हे काय?

वय झालं असेल. डोळेही दुखतात.

तिने आज ते प्रकरण उघडलं. "सर, हे घेऊ या? अर्धा पेपर यावरच असतो."

मी म्हटलं, "आधीचं पक्कं झालं?"

"झालंय, सर. तीनदा झालंय."

"मग चौथ्यांदा कर."

केलं. सगळी बरोबर. एकही चूक नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

खोलीत गारठा. भुंगाचं गुणगुणणं बंद झालं आहे. ओठ मिटून वाचते. पावने तिला चिडवलं, "भुंग्याची बॅटरी गेली." मी त्याला दटावलं. शिस्त लागली की आवाज कमी होतोच, चांगल्या मोटारीचाही होतो.

पुढच्या प्रकरणाचं तिने काही काढलं नाही. मीही काढलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

आल्या आल्या लिहायला बसलो.

संध्याकाळी भुंगा आली नाही. आईबरोबर काम आहे, असा निरोप होता. माझा कोट लाँड्रीत होता, म्हटलं घेऊन यावा. समोर कोणी नव्हतं. मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तिचा. किती दिवसांनी ऐकला.

पडदा सारला. इस्त्रीच्या लांब टेबलावर जुनी चादर अंथरली होती, आणि शिंप्याच्या खडूने ती चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत गणितांनी भरली होती. लांब्या टेबलावर वाकला होता. थोरली कडेवरचं पोर सांभाळत ओळी वाचत होती. पाव कोपऱ्यात पुढचं प्रकरण घेऊन बसला होता. प्रत्येकाने एकेक वाटून घेतलं होतं. आणि भुंगा गुणगुणत होती. हातात खडू. म्हणत होती, "थांब, थांब, सांगू नकोस, आलं, हे इकडे जातं आणि हे सुटतं," आणि तिने ते सोडवलं. संकलन. माझ्यासमोर. लांब्याने टाळी दिली.

मला बघून सगळे उभे राहिले.

"हे कुठून आणलंस?" मी लांब्याला विचारलं.

तो खोटं बोलला नाही. "शुक्रवारचं आहे, सर."

"किती दिवस जातोस?"

"नोव्हेंबरपासून."

म्हणजे मी रविवारी सांगत होतो, आणि हा मान हलवत होता, आणि शुक्रवारी जाऊन त्या दारात बसत होता.

"कोण आलं ते बाई काही लिहून वगैरे ठेवत नाहीत, सर," तो म्हणाला. "चहा पाजतात. तुम्ही एकदा याच. मी म्हणतो, भुंगालाही नेऊ."

"आणि तोवर तू तुझं उष्टं हिला वाढतोस."

हे मी बोललो. थोरली म्हणाली, "सर, उष्टं काय त्यात? तिला येतंय ना?"

"असं आलेलं येणं नव्हे. चौघांनी मिळून एक गणित सोडवलं, तर परीक्षेत चौघांना एकाच बाकावर बसवणार आहेत का? चोरून वाटून खाल्लेलं अंगी लागत नाही. मी एकटा शिकलो!"

पाव हळूच म्हणाला, "म्हणूनच तर, सर." काय म्हणूनच, ते त्याने सांगितलं नाही.

मी म्हटलं, ज्याला इथे यायचं त्याने माझ्या खोलीत पाऊल ठेवू नये. आणि ज्याला माझ्याकडे यायचं त्याने इथे. भुंगा खडू धरून उभी होती. तिची आई दारात आली होती, तिने सगळं ऐकलं. तीच म्हणाली, "ती तुमच्याकडेच येईल, सर. मला ठाऊक नव्हतं हे तुमच्या नकळत चाललंय." मग मुलीकडे वळून, "सरांनी तुला इथवर आणलं. लाज नाही वाटत?"

भुंगाने खडू टेबलावर ठेवला. आईने चादर उचलून झटकली.

कोट तिथेच राहिला.

१७ मार्च, रविवार

एकटी भुंगा आली. खुर्च्या मी मांडल्या होत्या, नेहमीसारख्या. तीन परत भिंतीला लावल्या.

पहिल्या भागाची उजळणी. सगळी बरोबर.

बायको वर चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. भुंगा गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीला ते पुढचं येत होतं म्हणता ना?"

"येत नव्हतं. लांब्याला येत होतं."

"तुम्हाला येतं का?"

मी कप घेऊन खाली आलो.

२२ एप्रिल, सोमवार

गणिताचा पेपर. कॉलेजच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. लांब्या बाहेर आला, नजर चुकवून गेला नाही, जवळ येऊन नमस्कार केला. मी मान हलवली. भुंगा सगळ्यात शेवटी आली.

"कसा गेला?"

"बरा."

"पहिला भाग?"

"सगळा आला, सर."

दुसऱ्या भागाचं मी विचारलं नाही. वाटेत ती एकदा म्हणाली, "एक गणित होतं, त्या दिवशीचंच, चादरीवरचं. इकडे जातं आणि हे सुटतं, एवढंच आठवलं. काय सुटतं ते नाही आठवलं." आणि हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.

२० मे, सोमवार

निकाल लागला. गणितात नापास. नाव कमी झालं.

तिघं पास आहेत. पावसुद्धा.

दिवसभर एका मोटारीचं आर्मेचर भरत होतो. भरून झाल्यावर वेढे चुकलेले दिसले. सगळी तार उपसली आणि दुकान लवकर बंद केलं. असं यापूर्वी झालं नव्हतं.

२४ मे, शुक्रवार

लांब्या दुकानात आला. बसला नाही. म्हणाला, "सर, बाईंकडे गेलो होतो. त्यांना फार वाईट वाटलंय. म्हणाल्या, तिने जानेवारीतच सांगितलं असतं तर मी काढलं असतं तिला यातून. अजूनही एक वाट आहे. एकतीस तारखेपर्यंत तिने स्वतः येऊन बोलायचं, म्हणजे बाई वरच्या समितीपुढे शब्द टाकतील. तिनेच यायला हवं, असं म्हणाल्या, किंवा तिच्या बाजूच्या कोणा मोठ्या माणसाने. मी गेलो तर चालत नाही."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. ती इस्त्री करत राहिली."

तो घुटमळला. मग म्हणाला, "तुमचं ऐकेल, सर. आमचं कुणाचं नाही ऐकणार. तुमचंच ऐकते ती."

टोमणा असावा असं आधी वाटलं. नव्हता.

२७ मे, सोमवार

लाँड्रीत गेलो. भुंगा आईच्या टेबलाशेजारी दुसऱ्या टेबलापाशी उभी. इस्त्री वजनदार आहे, तिने दोन्ही हातांनी धरली होती. कॉलर, खांदे, बाह्या, मग पाठ. क्रम आत्ताच पक्का बसला आहे. काम स्वच्छ. ते लिहायला नको होतं, पण माझी नजर कामावर जातेच.

"बाईंना भेट," मी म्हटलं.

"काय सांगू त्यांना?"

"समजत नाही म्हणून सांग."

तिने इस्त्री उभी केली. "पण मीच म्हटलं होतं ना, समजतं म्हणून. दोनदा विचारलं त्यांनी. आता काय वाटेल त्यांना? खोटारडी आहे म्हणतील."

"सांग की मी तसं बोलायला शिकवलं होतं."

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली, जणू मी काही अभद्र बोललो. "तुमचं नाव कसं घेऊ, सर?"

"घे."

"नाही हो. असं कसं? तुम्ही एवढं केलंत." मग समजूत घालावी तसं म्हणाली, "जाऊ दे ना, सर. आपण कोणाच्या दारात जाणाऱ्यांतले नाही."

माझंच वाक्य. कधी बोललो होतो ते आठवत नाही, पण माझंच आहे.

तिच्या आईने मान वर केली नाही. कोट घडी करून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तुम्ही जा. ती तुमचं नाव घेत नाही, तर तुम्ही घ्या. मोठं माणूस चालतं म्हणाला ना लांब्या?"

"मी?"

"नाहीतर काय मी? एक वाक्य आहे, अहो. मी शिकवलं होतं, पोरीची चूक नाही. झालं."

खरंच, एक वाक्य आहे.

३१ मे, शुक्रवार

गेलो.

इस्त्रीचा कोट घातला. बायकोने गुंडी लावून दिली. कॉलेजच्या आत मी पहिल्यांदाच गेलो, इतकी वर्षं बाहेरूनच बघत आलो. जिन्याच्या कडा झिजलेल्या आहेत. गणिताच्या बाईंची खोली वरच्या मजल्यावर, दार सताड उघडं, बाहेर बाक. पाटी खरंच आहे. अक्षर सुबक, पण खिळा एकच, म्हणून पाटी डावीकडे कललेली.

बाकावर बसलो. पोरं आत जात होती, बाहेर येत होती. कोणी हसत, कोणी वही चाळत. एक मुलगी आत जाऊन म्हणाली, "बाई, मला काहीच कळलं नाही," आणि बाई म्हणाल्या, "काहीच नाही? वा, मग पहिल्यापासून मजा येईल." मी सगळं ऐकत होतो. कोणाला झाडू दिला नाही.

वाक्य जिभेवर तयार होतं. एकदा उठलो, तेवढ्यात दोघं आत गेली, मग बसलो. पोरं संपली. बाई दारात आल्या. माझ्यापेक्षा तरुण, चष्मा केसांत खोचलेला.

"आपल्याला कुणाला भेटायचं होतं का? बराच वेळ बसला आहात."

आत पंखा चालू होता. कुरकुरत होता, दर फेऱ्याला एकदा. बसल्यापासून माझा कान तिकडेच होता.

मी म्हटलं, "पंखा बघायला आलो."

"अरे वा!" त्या म्हणाल्या. "ऑफिसने पाठवलं अखेर? किती महिने सांगतेय मी. या, या."

त्यांनी पंखा बंद करून स्वतःची खुर्ची सरकवून दिली. चढलो. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या खिशात असतोच. वरचं बेअरिंग कोरडं पडलं होतं, आणि एका पात्याचा स्क्रू ढिला. कोणीतरी यापूर्वी हात लावला होता, वॉशर उलटा बसवला होता. तो सरळ केला. तेलाची छोटी बाटली कोटाच्या खिशात निघाली. बाई खाली टेबल आवरत होत्या. कागदांच्या थप्प्या. वरून मला दिसत होतं, प्रत्येक पेपरच्या कडेला त्यांनी बारीक अक्षरात लिहिलेलं. एक वाचता आलं. "इथपर्यंत सुंदर. इथे थांबलीस का? ये, बोलू."

तो तिचा होता की आणखी कोणाचा, माहीत नाही. नाव दिसलं नाही.

"तुमची मुलं शिकतात का?" त्यांनी सहज विचारलं.

"आहेत तीन-चार."

"कसं चाललंय त्यांचं?"

त्या वर बघत होत्या, चेहरा मोकळा. एवढ्या सहज मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"उत्तम," मी म्हटलं.

"छान," त्या म्हणाल्या, आणि कागद कपाटात ठेवले.

खाली उतरलो, खुर्ची रुमालाने पुसली, बटण लावलं. आवाज नाही. बाई म्हणाल्या, किती शांत वाटतंय. पैसे विचारले, नको म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, कपाटाला कुलूप लावलं, दाराला लावलं, आणि आम्ही दोघं एकदमच जिना उतरलो. फाटकापर्यंत त्या माझ्याबरोबर होत्या. मग त्या डावीकडे गेल्या.

घरी बायको दारातच उभी होती. "बोललात?"

पंखा नीट झाला म्हणून सांगितलं.